पहिल्या वर्षीची गाबोळी

ओहोटीला लॉर्ना कंबरभर पाण्यात उतरली आणि दोर ओढून तिने हेमलॉक झाडाची, सुईसारख्या पानांची फांदी वर घेतली. फांदीचा हिरवा रंग कुठे दिसतच नव्हता. हेरिंग माशांच्या गाबोळीने ती पांढरी, जाडजूड झाली होती.

लाकूडगिरणीचे तरंगते ओंडके खाडीतून हलले, नदीच्या तोंडावरचा बांध फोडला, तेव्हा कुठे यंदा हेरिंग स्क्वॉमिशच्या खाडीत परतले होते. यंदा कुणी खायचं नाही, सगळी अंडी फुटू द्यायची, असं वस्तीच्या सभेत ठरलं. ठराव लॉर्नानेच मांडला होता. माशांची अंडी चिकटावीत म्हणून फांद्या तोडून पाण्यात सोडल्या होत्या तिच्या मावसभावाने, वेंडलने. तो म्हणाला होता, "चाळिशी आली माझी. जन्मात चाखली नाही. एक घास तरी खाऊ दे की!"

"तुझ्यासारख्या खादाडांमुळेच मासे संपतात," ती सगळ्यांदेखत कडाडली होती.

आता तिने काठावर इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. सुरीने एक डहाळी कापून तिने जाकिटात लपवली.

घरी आई अंथरुणाला खिळली होती. सुपाखेरीज काही घशाखाली उतरत नव्हतं. काल मात्र म्हणाली होती, "खाडीचं काहीतरी खाऊन जाईन म्हणते."

लॉर्नाने डहाळी गरम पाण्यात बुडवून काढली आणि चिमूटभर गाबोळी आईच्या तोंडात घातली. दाणे करकरले. आईने डोळे मिटले.

"तीच चव गं. मला वाटलं, विसरले असेन."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "वेंडलला दिलीस ना आधी? फांद्या त्यानेच सोडल्यात ना."

"दिली," लॉर्ना म्हणाली.

तेवढ्यात दार ढकलून वेंडलच आत आला. मावशीसाठी सुपाचं पातेलं घेऊन. डहाळी ताटलीत समोरच होती. त्याने डहाळीकडे पाहिलं, मग लॉर्नाकडे.

"काय रे, पोटभर खाल्लीस ना?" आईने विचारलं.

वेंडलने पातेलं खाली ठेवलं.

"खाल्ली, मावशी. अजून दातांत अडकलीय."

आई हसली. लॉर्नाने ताटली त्याच्यापुढे केली. त्याने ती मावशीच्या हाताशी सरकवली आणि खुर्ची ओढून बसला.

"पण घाईत गिळली गं मी," तो म्हणाला. "नीट कळलंच नाही. कशी लागते, तू सांग."

आई उत्साहाने सांगू लागली. लॉर्ना पाठ फिरवून भांडी घासायला उभी राहिली. तिने नळ पूर्ण सोडला. तरी एकेक शब्द ऐकू येत होता.