शेवटचं नाव

आईच्या, म्हणजे दोन्या एदुविहेसच्या, सत्तरीचं आमंत्रण वेबसाइटवर टाकायचं काम धाकट्या यानिरीकडे आलं. पान उघडलं, तर खाली चार लेकरांची नावं: नेरेइदा, फाउस्तो, रादामेस, रादामेस. स्वतःच लिहिलेल्या कोडमधून स्वतःचंच नाव उडालेलं बघून यानिरीला हसू फुटलं.

"काय गं, एकटीच हसतेस?" सांकोचोचं, मांस-कंदांच्या रश्श्याचं, पातेलं ढवळत आईने विचारलं.

"माझ्या जागी पुन्हा रादामेसच आलाय!"

"त्यात काय नवल? मीही तुला जन्मभर त्याच्याच नावाने हाक मारतेय. पण माझं वय झालं. तुझ्या त्या डबड्याला काय धाड भरली?"

"अगं, लूप म्हणजे यादीवरून फेरी मारणारा कोड; तो एकेका नावाचा हात धरून पुढे जातो. फेरी संपल्यावर शेवटच्या नावाचा हात सोडायला मी विसरले. मग दुसऱ्या फेरीत जे जे नाव आलं, ते ते त्या शेवटच्या, म्हणजे माझ्या नावावरच लिहिलं गेलं. माझ्या आधीचा रादामेस तेवढा उरला."

"मग सोड की हात."

"हा बघ, सोडला. एका ओळीचं तर काम."

ओले हात एप्रनला पुसत आई जवळ आली. पडद्यावर आता शेवटी 'यानिरी' होतं. 

"म्हणजे माझंही हेच झालं म्हणायचं," ती म्हणाली. "तिघं मोठी झाली तसे त्यांचे हात सोडले. तुझा तेवढा सोडायचा राहून गेला."

यानिरीने पान सेव्ह केलं.

"चल, ऊठ आता. सांकोचो निवतोय, रादामेस!"