ऑफिस टाइम

रविवारी सकाळी नऊला सोसायटीचे सेक्रेटरी अनिरुद्ध टेप घेऊन आले आणि मागोमाग पहारी घेतलेले दोन मजूर. तळमजल्याच्या गॅलरीत प्रेमलाताई वॉकर धरून उभ्या होत्या.

"काकू, हे दगड आज काढतोय. नुसतं गवत माजलंय. चार स्कूटर आरामात बसतील."

गवत म्हणे! गॅलरीसमोरच्या त्या दगडांत ऑफिस टाइम पसरला होता. जमिनीला धरून वाढणारी, बारीक पानांची रोपं. फुलं दहाच्या सुमाराला उमलतात, दुपारी मिटतात. अनिरुद्ध साडेसातलाच वारज्याहून खराडीच्या ऑफिसला निघायचे, परतायचे अंधारात. रविवारी क्रिकेट. बिचाऱ्यांनी फूल बघावं तरी कधी?

मिटलेल्या कळ्यांची वकिली करून उपयोग नव्हता. तासभर हवा होता. आणि समोरच्या माणसाला तासभर थांबवायचं कसं, हे सरकारी कचेरीत एकतीस वर्षं कारकुनी केलेल्या बाईला कुणी शिकवायला नको!

"ठरावाची प्रत आणलीत?"

अनिरुद्धनी कागद पुढे केला. मग प्रेमलाताईंना चष्मा सापडेना. सापडला तेव्हा त्यांनी एकेका ओळीखाली बोट ठेवत सगळा ठराव वाचला, आणि पुन्हा वाचला.

"यावर तारीख नाही."

त्यांनी तारीख घातली.

"सह्या तीनच? लागतात किती?"

"पाच. अहो काकू, पण..."

"मग दोन घेऊन या की. आम्ही कुठे पळून जातोय?"

अनिरुद्ध चडफडत मागच्या इमारतीत गेले. सह्या घेऊन घामाघूम होऊन परतले, तोवर चहा तयार होता. मजुरांनाही कप मिळाले.

पावणेदहाला समोरच्या इमारतीवरून ऊन दगडांवर उतरलं, आणि लगेच ढग आला.

"आज न्हाई उमलायची, ताई," पाण्याचा पाइप घेऊन आलेल्या माळीणबाई, गोदाबाई, हळूच म्हणाल्या. "ढग हाय."

प्रेमलाताईंनी सगळ्यांचे कप पुन्हा भरले. गेल्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. तेव्हा गोदाबाईंनी कुणाला न विचारता पदरातून काड्या आणून या दगडांत खोचल्या होत्या. एक दिवस म्हणाल्या, "मोठ्या दगडामागं पिवळं आलंय, पर खाटंवरनं दिसायचं न्हाई." ते बघायला म्हणून प्रेमलाताई पहिल्यांदा उठून उभ्या राहिल्या. डॉक्टरांना जमलं नव्हतं ते!

सव्वादहाला ढग सरकला.

आधी एक गुलाबी उघडलं, मग त्याच्या शेजारचं. चहा संपेपर्यंत दगड दिसेनासे झाले. गुलाबी, केशरी, पिवळी, नुसती दाटी. अनिरुद्ध कप हातात धरून उभेच राहिले. क्रिकेटवाल्यांचा फोन वाजत होता, तो त्यांनी बंद केला.

"हे... रोज असतं?"

"रोज. रविवारीसुद्धा. तुमच्यासारखी सुट्टी नाही त्यांना."

अनिरुद्ध हसले. टेप गुंडाळून खिशात टाकली आणि मजुरांना म्हणाले, "राहू द्या. थांबा जरा, नाक्यावर सोडतो तुम्हाला."

प्रेमलाताईंना इतकं बरं वाटलं, की डोळे पुसावे लागले. मग पेन काढून त्यांनी ठरावाच्या पाठीवर टपोऱ्या अक्षरांत लिहिलं: 'प्रत्यक्ष पाहणी केली. जागेवर फुले आढळली. प्रकरण दप्तरी दाखल.' खाली स्वतःची सही केली, सेक्रेटरींची घेतली आणि पेन गोदाबाईंपुढे धरलं.

"म्या कशाला? म्या काय मेंबर हाय?"

"तुमच्यामुळे मी पायावर उभी आहे, गोदाबाई. वर्षभर म्हणायचं राहून गेलं. फार उपकार झाले तुमचे."

गोदाबाईंनी ओला हात पदराला पुसला, पेन धरलं, आणि कागदाकडे बघत विचारलं, "कुठं करू?"

"वर," प्रेमलाताई म्हणाल्या. "आम्हा दोघांच्याही वर."