बिघडलेलं बटण

विद्यापीठाच्या मेंदूसंशोधन विभागात जोडप्यांवर प्रयोग चालला होता. काचेपलीकडे बायकोच्या मनगटाला हलका शॉक बसणार. इकडे तारांची टोपी घातलेल्या नवऱ्यानं बटण दाबलं, तर तो तिच्याऐवजी त्याला बसणार. बसवनगुडीच्या गुंडूरावांनी एकदाही दाबलं नाही. “बटण बिघडलंय,” बाहेर येऊन ते म्हणाले. “बिघडलंच असणार. नाहीतर ह्यांनी दाबलं नसतं होय?” मनगट चोळत भागीरथीबाई संशोधक पोरीला म्हणाल्या. पोरीनं वहीत नोंद केली. मग जागा बदलल्या. टोपी तीच, बटण तेच. पलीकडे गुंडूराव कळवळताच भागीरथीबाईंनी घाईनं बटण दाबलं. शॉक थेट बाईंच्याच मनगटात शिरला. बटण चालत होतं. त्यांनी हळूच बोट उचललं. “अगं, दाब की!” पुढच्या शॉकला गुंडूराव ओरडले. “अक्का, दाबत नाही तुम्ही?” पोरीनं विचारलं. भागीरथीबाईंनी हात मांडीवर ठेवले. “बिघडलंय गं. शॉक स्वल्प वाढवून बघ.”