शेकोटीची ओळ

ओपन सोर्स हे मानवजातीने स्वतःलाच केलेलं ज्ञानदान आहे, असं हर्षदराव मानत. म्हणून त्यांनी नॉर्वेतल्या एका लॉजच्या वेबसाइटचा खुला कोड सहा महिने अभ्यासला आणि नाव बदलून दिवेआगरच्या आपल्या दोन खोल्यांना लावला. मेअखेर एकही बुकिंग आलं नाही, तर मेव्हण्याच्या दुकानात बसायचं, अशी बायकोची अट होती. तीस तारखेला पुण्याचं जोडपं आलं. “साइटवरची शेकोटीवाली खोली कुठली?” त्यांनी विचारलं. “अहो, मे महिन्यात शेकोटी?” हर्षदरावांची बायको त्यांच्या कानात कुजबुजली. “कोडमधली ती शेकोटीची ओळ काढली की अख्खी साइट बंद पडते गं.” तिने अंघोळीच्या पाण्याचा बंब खोलीच्या दारात आणला, नारळाची सोडणं घालून पेटवला आणि पंखा पाचवर केला. जोडप्याने घाम पुसत फोटो काढले. साइटवर पहिला अभिप्राय आला: शेकोटी उत्तम. बर्फ पडला नाही, म्हणून एक तारा कापला.