चुन्याचं घर

दरवर्षी दिवाळी आटोपली, की डोमाजी आणि मैनाबाई बैहर रोडवरच्या आपल्या मोकळ्या प्लॉटवर जायचे आणि चुन्याची फक्की टाकून घर आखायचे. पावसात पुसलेलं घर पुन्हा उमटायचं, फक्त दरवर्षी थोडं लहान होऊन. सिमेंट महागलं त्या वर्षी पाहुण्यांची खोली गेली, रेती महागली तेव्हा ओसरी, आणि लोखंडापायी जिना. मागच्या वर्षी एक खोली अन् गॅस ठेवण्यापुरता कोपरा, एवढंच उरलं होतं. तरी भाड्याच्या घरी परतण्याआधी दोघं चपला बाहेर काढून, दारातूनच आत जाऊन, घटकाभर त्यात बसले होते.

यंदा चुन्याचं घमेलं मैनाबाईनं आपल्याच हाती घेतलं. तिनं ऐसपैस ओसरी आखली. देवघर आखलं. लेकीला, खुशीला, वेगळी खोली दिली, पाहुण्यांना वेगळी. जिनासुद्धा परत आला. उतरत्या उन्हात ते पांढरं घर जमिनीपासून बोटभर वर तरंगल्यासारखं दिसायला लागलं.

सवयीनं डोमाजी बोटांवर हिशेब करू लागला.

"अवं, येवढं मोठं? लोखंडाचा भाव मालूम हाये ना तुले?"

"हौ, मालूम हाये," खिडकीची जागा मोकळी सोडत मैनाबाई म्हणाली. "पण खुशीच्या कॉलेजासाठी काल आपुन सही करून प्लॉट इकला ना, अजी. आता कायची कंजुषी? मोठंच बांधू."