पंगतीनंतरचा अबोला

‘कळ नेमकी कुठून उठते ते बोटानं दाखवा,’ डॉक्टर म्हणाल्या.

बद्रीनाथनं बोट उजव्या गालाकडं नेलं आणि दोन इंच अलीकडंच थांबवलं. पुढं न्यायची त्याची छाती होईना. शेजारी त्याची बायको सारजाबाई बसली होती, हातात त्याची एक चप्पल घेऊन. ती जिन्यातच त्याच्या पायातून निसटली होती आणि साहेब तसेच वर आले होते. साखरेच्या आजारानं त्याची पावलं बधिर होऊन चार वर्षं झाली होती. पायात चप्पल आहे की नाही, हे त्याच्याआधी सारजाबाईला कळायचं. तिनं खाली वाकून ती त्याच्या पायात सरकवली आणि सरळ बसली.

‘ह्ये बोलत नायत,’ ती म्हणाली. ‘म्हणून मीच सांगते.’

आणि तिनं सगळं सांगितलं. चैत्रापासून हे चाललंय. पंधरा दिवस बरे जातात, मग पुन्हा धरतं. करंट बसल्यासारखं येतं, क्षणात जातं, की लगेच दुसरं. दाढ असेल म्हणून दोन दाढा काढून झाल्या. दातांचे डॉक्टर नको नको म्हणत होते, पण अख्ख्या बजाजनगरात यांच्यासारखा हट्टी माणूस नाही. तिसऱ्या दाढेला मात्र त्या डॉक्टरांनी हात लावला नाही आणि इकडं पाठवलं.

‘कशानं सुरू होतं?’ डॉक्टरांनी बद्रीनाथला विचारलं. ‘चावताना? बोलताना? दाढी करताना? गालावर वारा आला तर?’

त्यानं चारही वेळा मान डोलावली. वाऱ्याला जरा जास्तच.

सारजाबाई त्याच्याकडं बघत राहिली. उन्हाळाभर तो जेवायला बसला की ती कूलरचं तोंड त्याच्याकडं फिरवायची. आणि तो ताट उचलून आतल्या खोलीत जायचा, भिंतीकडं तोंड करून जेवायचा. इकडं ती एकटीच कूलरसमोर बसून राहायची.

‘कूलर बंद कर म्हणायचं नाय व्हय?’ ती म्हणाली.

बद्रीनाथनं कूलरचं तोंड वळवल्यासारखा हात हवेत फिरवला, मग तिच्याकडं बोट केलं आणि खांदे उडवले. तू एवढ्या मायेनं लावायचीस, असं काहीतरी ते होतं.

‘बघा की डॉक्टर. पायाला चटका बसला तरी यान्ला पत्ता नाय, आन् गालाला वारा सोसत नाय. एकाच माणसाच्या नसा ना या?’

डॉक्टर हसल्या. ‘एकाच माणसाच्या, पण दुखणी दोन असू शकतात, काकू. बऱ्याचदा मेंदूजवळ एखादी रक्तवाहिनी चेहऱ्याच्या नसेला खेटलेली असते. तिच्या ठोक्यांनी नस झिजते. क्वचित गाठ असते, किंवा नसांचा दुसरा एखादा आजार. पायाच्या नसा साखरेनं गेल्यात, तशी ही पण कमजोर झाली असेल. आज नक्की नाही सांगता येणार. एमआरआय काढू, रक्त तपासू, मग बोलू.’

सारजाबाईनं सगळं नीट ऐकून घेतलं. तिच्या मनातलं कारण त्यात आलं नव्हतं.

‘आन् राग गिळल्यानं?’ तिनं विचारलं. ‘त्यानं व्हतं का?’

‘कसला राग?’

‘यांच्या भाचीचं लगीन व्हतं चैत्रात, शेंद्र्याला. ह्ये नवरीचे मामा. व्याही शेजारी बसलेले. यांनी तिसरी जिलेबी घेतली, तर मी भर पंगतीत यांच्या ताटातून ती उचलली. वर म्हणले, तुमाला लाज कशी वाटत नाय.’ तिनं पदर तोंडाला लावला. ‘त्या दिसापासून माणूस बोलायचा बंद झाला. बरं वाटायचं तवा बी दोनच शबुद. घरात लई सुनं वाटायचं. पर रुसलात का, ह्ये मी इचारलं नाय. व्हय म्हणले असते, तर मी काय केलं असतं?’

बद्रीनाथ तिच्याकडं वळून बघत होता. कळ पुन्हा उठू नये म्हणून बऱ्या दिवसांतही तो ओठ मिटून बसायचा. त्या मिटलेल्या ओठांचा घरात असा अर्थ लागत असेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

‘राग गिळून हे होत नाही, काकू,’ डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. ‘आणि साखरेसाठी तुम्ही अडवलंत ते बरोबरच होतं. पंगतीचं तेवढं तुम्ही दोघं बघा.’ त्या चिठ्ठी लिहायला लागल्या. ‘काका, या गोळीचा गुण यायला काही दिवस लागतील. तोवर बोलणं कमी. मान हलवली तरी चालतंय.’

सारजाबाईचं समाधान झालं नाही.

‘डॉक्टरांचं मला पटलं,’ ती त्याला म्हणाली, ‘पर तुमी सांगा. रुसला नव्हता ना माझ्यावर?’

मान हलवली असती तरी भागलं असतं. बद्रीनाथनं तोंड उघडलं.

‘नाय,’ तो म्हणाला.

लगेच कळ उठली. त्यानं टेबलाची कड धरली, डोळे घट्ट मिटले, मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. डॉक्टर लिहायच्या थांबल्या.

‘कळलं मला,’ सारजाबाई घाईनं म्हणाली. ‘बास. बोलू नका आता.’

त्यानं हातानं तिला थांबवलं. कळ ओसरू दिली, दम घेतला. मग पुढची कळ येणार हे ठाऊक असून त्यानं पुन्हा तोंड उघडलं.

‘एक दिवस बी नाय.’