वीस झाल्यावर

तिसरा गेम, वीस-एकोणीस, आणि पुढं कोण? तर झेरॉक्स! शेजारच्या कोर्टवरची पोरंसुद्धा रॅकेट काखेत मारून बघायला आली. अजून एक पॉइंट, की परदेशातल्या स्पर्धेसाठी टीममध्ये उरलेली एकुलती एक जागा तिची. हरली, तर सव्विसाव्या वर्षी पुन्हा कुणी निवड चाचणीला बोलावणार नाही. हे सगळ्या हॉलला ठाऊक होतं.

झेरॉक्स हे नाव हॉलनंच ठेवलेलं. नेटपलीकडे उभी होती ती चॅम्पियन. या खेपेला नियम कडक, म्हणून चाचणी तिलाही चुकली नव्हती. एरवी ती हिच्याच जिवावर सराव करायची. चॅम्पियनची पुढची मॅच जिच्याशी, हुबेहूब तिच्यासारखं हिनं खेळायचं. कधी त्या उंच पोरीसारखे स्मॅश, कधी त्या चिवट पोरीसारखं नुसतं परतवत बसायचं. घरी गेली की आई विचारायची, "आज कोण होतीस गं?" दोघी हसायच्या. हसण्यावारी नेलं म्हणून निभावलं इतकी वर्षं.

आज मात्र कोचसरांनी सकाळीच बजावलं होतं, "आज कुणाची नक्कल नाही. तुझं तू खेळ."

आणि पोरगी खेळली की हो! चॅम्पियनची बॅकहँडची बाजू कच्ची, हे हिच्याइतकं कुणाला माहीत? त्याच कोपऱ्यात शटल टाकून टाकून तिनं चॅम्पियनला रडकुंडीला आणलं. वर गॅलरीत आईला एका जागी बसवत नव्हतं.

सर्व्हिस झाली. दोघींचे चार-पाच फटके झाले. चॅम्पियननं कोपऱ्यातून कसंबसं परतवलं आणि तिचा तोल गेला. शटल नेटच्या वर आयतं आलं. नुसतं खाली दाबायचं, बस. शाळकरी पोरानंही दाबलं असतं.

झेरॉक्सनं ते अलगद वर उचललं. कोर्टाच्या मधोमध, फार उंच नाही, फार खाली नाही, चॅम्पियनला आवडतं अगदी तिथं. चॅम्पियननं स्वतःला सावरलं आणि धाडकन स्मॅश मारला. वीस-वीस.

अरे, हे काय केलंस! कुणाला काही कळेना. झेरॉक्स स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. पुढचं शटल तिनं नेटमध्ये घातलं, त्याच्या पुढचं बाहेर. खेळ खलास.

"वाचले गं बाई," चॅम्पियन हात मिळवताना म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली, आणि आपली बॅग भरायला खाली बसली.

कोचसर तावातावानं आले. "हातातोंडाशी आलेला घास घालवलास! दाबायचं सोडून उचललंस? कुणी शिकवलं तुला हे?"

झेरॉक्सला रडू फुटत होतं. तिनं टॉवेलमध्ये तोंड खुपसलं, मग बाहेर काढलं.

"तुम्हीच की, सर."

"मी?"

"तिच्या मॅचच्या आदल्या दिवशी, सरावात. शेवटच्या गेमला माझे वीस झाले की एक सोपं उचलून द्यायचं. चॅम्पियन जिंकूनच घरी गेली पाहिजे, तिला रात्री शांत झोप लागली पाहिजे, असं तुम्हीच म्हणायचात ना? दिलं मी, सर. आज नव्हतं द्यायचं, पण हात ऐकेचना."

आई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थबकली.

चॅम्पियनचा बॅगेची चेन ओढणारा हात थांबला. तिनं मान वर करून आधी सरांकडे पाहिलं, मग झेरॉक्सकडे.

"दर वेळी?" तिनं विचारलं.